चांदीवरील काळ्या छटेचे रसायन : कारागिरी, संज्ञा आणि जतन यांचा एक अभ्यास

सारांश :

चांदीच्या अलंकारांवर व भांड्यांवर रसायनांच्या साहाय्याने काळी छटा आणण्याची प्रक्रिया बाजारात 'ऑक्सिडाइज्ड' या नावाने ओळखली जाते. प्रत्यक्षात ही छटा चांदीच्या ऑक्साइडची नसून मुख्यत्वे सिल्व्हर सल्फाइड या संयुगाची असते. प्रस्तुत लेखात या छटेचे रासायनिक स्वरूप, तिची ऐतिहासिक पूर्वपीठिका, कार्यशाळेतील कृती आणि तिच्याशी निगडित धोके यांचे विवेचन केले आहे. चुकीच्या नावामुळे कारागिराचे आरोग्य, कलावस्तूचे जतन आणि ग्राहकाची समज या तिन्ही बाबतींत हानी संभवते, हे दाखविणे हा या विवेचनाचा मुख्य हेतू आहे.

बीजसंज्ञा : चांदी, सिल्व्हर सल्फाइड, लिव्हर ऑफ सल्फर, निएलो, बिदरी, हायड्रोजन सल्फाइड, जतन.

१. प्रस्तावना :

महाराष्ट्रातील बहुतेक घरांत सणावाराच्या आदल्या दिवशी देवघरातील चांदीची उपकरणी घासावयास काढली जातात. निरांजन, तबक, कुंकवाचा करंडा या वस्तू वर्षभरात काळवंडलेल्या असतात आणि त्या पुन्हा शुभ्र करणे हे गृहिणीच्या नीटनेटकेपणाचे लक्षण समजले जाते. काळी चांदी म्हणजे मळलेली चांदी, हा समज या नित्याच्या अनुभवातून दृढ झालेला आहे.

याच्या नेमके उलट चित्र कारागिराच्या कार्यशाळेत दिसते. तेथे नुकतीच घडविलेली, स्वच्छ व चकचकीत वस्तू जाणीवपूर्वक एका दुर्गंधीयुक्त द्रावणात बुडविली जाते व क्षणार्धात काळी केली जाते. त्यानंतर तिचे उठावाचे भाग घासून पुन्हा उजळले जातात आणि नक्षीच्या खोलगट रेषांत काळेपणा तसाच राखला जातो. ज्या काळेपणाला घरात मळ म्हटले जाते, त्यालाच येथे घडणीचा अखेरचा टप्पा मानले जाते.

एकच रासायनिक पदार्थ एका ठिकाणी दोष आणि दुसऱ्या ठिकाणी गुण कसा ठरतो, हा प्रश्न केवळ सौंदर्यदृष्टीचा नाही. त्यात रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान, कलेतिहास, व्यावसायिक आरोग्य आणि ग्राहकहित अशा अनेक विद्याशाखांचा संबंध येतो. म्हणूनच बहुविद्याशाखीय दृष्टीने या विषयाचा विचार होणे आवश्यक वाटते.

२. उद्दिष्टे :

(१) चांदीवरील काळ्या छटेचे रासायनिक स्वरूप स्पष्ट करणे.
(२) 'ऑक्सिडाइज्ड' या रूढ संज्ञेची चिकित्सा करणे.
(३) कार्यशाळेतील कृतीचा व तिच्यातील धोक्यांचा परिचय करून देणे.
(४) हेतुपूर्वक आणलेली छटा आणि कालौघात चढलेला काळेपणा यांतील भेद जतनाच्या दृष्टीने मांडणे.

३. संज्ञेची चिकित्सा :

चांदी हा ऑक्सिजनशी सहजासहजी संयोग न पावणारा धातू आहे. सामान्य तापमानाच्या शुद्ध व कोरड्या हवेत ती दीर्घकाळ उजळ राहते. सिल्व्हर ऑक्साइड हे संयुग प्रयोगशाळेत तयार करता येते, परंतु ते तापविले असता त्याचे विघटन होऊन चांदी व ऑक्सिजन वेगळे होतात. त्यामुळे लोखंडाचा गंज आणि चांदीचा काळेपणा यांना एकाच पंक्तीत बसविणे योग्य नाही.

चांदीची खरी ओढ गंधकाकडे असते. हवेत हायड्रोजन सल्फाइड हा वायू अब्जात एखादा भाग इतक्या अल्प प्रमाणात असला, तरी कालांतराने चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरू लागतो. या अभिक्रियेत चांदीचे चार अणू, हायड्रोजन सल्फाइडचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू यांच्यापासून सिल्व्हर सल्फाइडचे दोन रेणू व पाण्याचे दोन रेणू तयार होतात. येथे ऑक्सिजन सहभागी असतो हे खरे, पण तो चांदीशी जोडला जात नाही. तो हायड्रोजनला घेऊन पाण्याच्या रूपाने बाजूला होतो. चांदीच्या वाट्याला येतो तो गंधकच.

या ठिकाणी एक शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे. आधुनिक रसायनशास्त्रात इलेक्ट्रॉन गमावण्याच्या क्रियेलाच ऑक्सिडीकरण म्हणतात आणि सल्फाइड होताना चांदी इलेक्ट्रॉन गमावते. त्या अर्थाने 'ऑक्सिडाइज्ड' हा शब्द तांत्रिकदृष्ट्या चुकीचा ठरत नाही. मात्र हा शब्द चांदीच्या संदर्भात १९ व्या शतकातील युरोपीय व्यापारात रूढ झाला, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोध लागावयाचा होता. तो शोध १८९७ मधला. तेव्हा आणि आजही सामान्य ग्राहक व कारागीर या शब्दाचा अर्थ 'ऑक्सिजनमुळे झालेले' असाच घेतात. शब्द शास्त्राच्या कसोटीवर कसाबसा उतरतो, परंतु ऐकणाऱ्याच्या मनात तो गंधकाची आठवण होऊ देत नाही. पुढील विवेचनात दिसून येईल की ही विस्मृतीच अनेक अडचणींचे मूळ आहे.

४. काळेपणाचे विज्ञान :

सिल्व्हर सल्फाइड हे पाण्यात जवळजवळ पूर्णतः अविद्राव्य असे संयुग आहे. निसर्गात ते अॅकँथाइट या खनिजाच्या रूपाने आढळते व चांदीच्या प्रमुख धातुकांपैकी एक म्हणून ओळखले जाते. म्हणजे खाणीतून निघताना जी चांदी अनेकदा गंधकाशी बांधलेली असते, ती अलंकारावर काळी पडताना आपल्या मूळ अवस्थेकडेच परतत असते.

हे संयुग अर्धवाहक आहे. त्याच्या इलेक्ट्रॉनांना वरच्या पट्ट्यात जाण्यासाठी सुमारे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकीच ऊर्जा लागते. दृश्य प्रकाशाच्या सर्व रंगांची ऊर्जा याहून अधिक असल्याने पुरेशा जाडीचा थर सर्व रंग शोषून घेतो व काळा दिसतो. मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये याच संयुगाबाबत एक विलक्षण गोष्ट नोंदविली. तापमान वाढले की धातूंची विद्युतवाहकता घटते, परंतु सिल्व्हर सल्फाइडची वाढते, असे त्यांना आढळले. अर्धवाहकांच्या गुणधर्माची ही पहिली महत्त्वाची नोंद मानली जाते. ज्या पदार्थसमूहावर आजचे इलेक्ट्रॉनिक युग उभे आहे, त्याचा पहिला सुगावा घरोघरच्या चांदीवर चढणाऱ्या काळ्या पदार्थातून लागला, ही बाब लक्षणीय आहे.

थर अगदी पातळ असताना मात्र तो काळा दिसत नाही. थराच्या वरच्या पृष्ठावरून आणि खालच्या चांदीवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरींचे व्यतिकरण होऊन निरनिराळे रंग दिसतात. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळी रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे घडते, तेच येथे घडते. थर वाढत जातो तसा प्रथम फिकट पिवळा, मग सोनेरी तपकिरी, जांभळट, निळसर आणि अखेर करडा-काळा असा रंगक्रम दिसतो. हे सारे स्थित्यंतर नॅनोमीटरमध्ये मोजावयाच्या जाडीत घडते. कुशल कारागीर या क्रमातील हव्या त्या पायरीवर वस्तू द्रावणातून काढून थंड पाण्यात बुडवितो. त्याच्याजवळ कोणतेही मापनयंत्र नसते. रंग पाहून थांबण्याची त्याची नजर हेच त्याचे मापन होय.

५. ऐतिहासिक पूर्वपीठिका :

चांदी हेतुपूर्वक काळी करण्याची कल्पना प्राचीन आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातील आपल्या विश्वकोशीय ग्रंथात, इजिप्तमधील लोक चांदी रंगवितात असे सांगून चांदी, तांबे आणि गंधक यांच्या मिश्रणाची कृती दिली आहे. उकडून घट्ट झालेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाने चांदी काळी पडते आणि ती शिर्का व खडूने घासून उजळता येते, हेही त्याने नोंदविले आहे. बलकातील गंधकयुक्त प्रथिनांचा हा परिणाम आजही हौशी कारागीर उपयोगात आणतात. उकडलेले अंडे कुस्करून ते चांदीच्या वस्तूसह बंद डब्यात ठेवले असता काही तासांत वस्तूवर छटा येते.

युरोप व पश्चिम आशियात या कल्पनेतून 'निएलो' हे स्वतंत्र तंत्र विकसित झाले. त्यात नक्षीच्या कोरलेल्या रेषांमध्ये धातूंच्या सल्फाइडची काळी पूड भरून वस्तू तापविली जाते. प्रारंभी केवळ चांदीचे किंवा केवळ तांब्याचे सल्फाइड वापरले जाई. पुढे चांदी व तांबे यांचे मिश्र सल्फाइड आणि नंतर त्यात शिशाची भर, असा विकास झाल्याचे संशोधनातून दिसून आले आहे. शिसे मिसळल्याने मिश्रण कमी तापमानाला वितळते व रेषांत सहज वाहते. १२ व्या शतकातील थिओफिलस याच्या ग्रंथात आणि १६ व्या शतकातील इटालियन सोनार बेनवेनूतो चेलिनी याच्या लेखनात या तंत्राची सविस्तर वर्णने आहेत.

निएलो आणि आजची रासायनिक छटा यांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे. निएलोमध्ये काळा पदार्थ बाहेरून भरलेला असतो व त्याला डोळ्यांना दिसेल इतकी जाडी असते. रासायनिक छटेत वस्तूच्या पृष्ठावरील चांदी स्वतःच सल्फाइड बनते. पहिला प्रकार भरीव कामाचा आहे, तर दुसरा धातूच्या कातडीचा रंग बदलण्याचा आहे. १९ व्या शतकात युरोपात जुन्या वस्तूंचे आकर्षण वाढले आणि नव्या चांदीला प्राचीनतेचा आभास देण्यासाठी ही दुसरी पद्धत लोकप्रिय झाली. पोटॅशियम सल्फाइडबरोबरच प्लॅटिनम क्लोराइडचा वापरही त्या काळी होत असे. त्यात चांदीवर प्लॅटिनमचा गडद थर बसतो. म्हणजे 'ऑक्सिडाइज्ड' म्हणविल्या जाणाऱ्या त्या वस्तूंवर ऑक्साइड तर नसेच, पण काही वेळा सल्फाइडही नसे.

६. कार्यशाळेतील कृती :

आज सर्वाधिक प्रचलित असलेले रसायन म्हणजे 'लिव्हर ऑफ सल्फर' होय. पोटॅशियम कार्बोनेट व गंधक एकत्र तापवून ते तयार करतात. त्याच्या तपकिरी रंगाचे यकृताच्या रंगाशी असलेले साम्य हे या नावाचे कारण आहे. हे एकच संयुग नसून पोटॅशियमचे निरनिराळे पॉलिसल्फाइड, थायोसल्फेट आदींचे मिश्रण असते. हवा, प्रकाश व ओलावा यांमुळे ते निष्प्रभ होते. म्हणून ते गडद रंगाच्या घट्ट झाकणाच्या बरणीत कोरडे ठेवावे लागते. पांढुरके पडलेले खडे कामाचे राहिलेले नसतात.

प्रक्रियेचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील. प्रथम वस्तूवरील तेल, मेण व बोटांचे ठसे पूर्णपणे काढून टाकले जातात. तेलकट जागी द्रावण पोहोचत नाही व तेथे डाग राहतो. त्यानंतर वाटाण्याएवढा खडा कपभर गरम पाण्यात विरघळविला जातो. पाणी उकळते नसावे, कारण उकळत्या द्रावणाचा प्रभाव लवकर ओसरतो व वायूही अधिक सुटतो. वस्तू द्रावणात काही सेकंद बुडवून बाहेर काढणे, पाण्याने धुणे, रंग पाहणे आणि पुन्हा बुडविणे असा क्रम हवी ती छटा येईपर्यंत चालतो.

घाई करून दाट व अतिगरम द्रावण वापरल्यास काळा थर झटकन येतो, परंतु तो जाड व ठिसूळ असल्याने पापुद्र्याप्रमाणे सुटतो. सौम्य द्रावणात सावकाश वाढविलेला थर धातूला घट्ट धरून राहतो. मिश्रधातूचाही परिणाम होतो. ९२.५ टक्के चांदी आणि ७.५ टक्के तांबे असलेली स्टर्लिंग चांदी शुद्ध चांदीपेक्षा लवकर काळी पडते, कारण तांबेही गंधकाशी संयोग पावते. मात्र डाख देताना तापवून नंतर सौम्य आम्लात बुडविलेल्या स्टर्लिंगच्या पृष्ठभागावरील तांबे निघून गेलेले असते व वर जवळजवळ शुद्ध चांदीचा थर राहिलेला असतो. अशी वस्तू अपेक्षेपेक्षा सावकाश रंगते.

शेवटचा टप्पा उजळणीचा. मऊ कापड, बारीक अपघर्षक पूड किंवा यंत्रावरील ब्रश यांनी उठावाचे भाग घासले जातात. पान, वेल, मोर, देवतेचा मुखवटा अशा नक्षीचे उंच भाग उजळतात व खोलगट भाग गडद राहतात. एकरंगी धातूत प्रकाश व सावली यांचा जो खेळ केवळ विशिष्ट कोनातून दिसला असता, तो आता कोणत्याही उजेडात दिसतो. काळी छटा नक्षी निर्माण करीत नाही. ती असलेली नक्षी वाचनीय करते. सपाट वस्तू काळी करून फारसे काही साधत नाही, याचे कारण हेच आहे.

७. बीदरचे उलट उदाहरण :

मराठवाड्याच्या सीमेलगतच्या बीदर येथील बिदरी काम या संदर्भात तुलनेसाठी उपयुक्त आहे. बिदरी वस्तू पाहताना काळ्या पृष्ठावर चांदीची शुभ्र वेलबुट्टी दिसते. तेथे काळी होते ती चांदी नव्हे. बिदरीचे मूळ भांडे बव्हंशी जस्त व थोडे तांबे यांच्या मिश्रधातूचे ओतलेले असते. त्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसविला जातो. पृष्ठभाग एकसारखा केल्यानंतर बीदरच्या किल्ल्यातील विशिष्ट माती आणि नवसागर यांच्या मिश्रणाने वस्तूवर प्रक्रिया केली जाते. त्यामुळे जस्ताचा मिश्रधातू गडद काळा होतो आणि चांदी मात्र पांढरीच राहते. अखेरीस तेल चोळून काळा रंग खुलविला जातो.

या प्रक्रियेत गंधकाला मुख्य स्थान नाही, म्हणून चांदी अबाधित राहते. हेच भांडे लिव्हर ऑफ सल्फरच्या द्रावणात बुडविले, तर चांदीची नक्षी काळी होऊन कलाकृतीचा आत्माच हरवेल. कोणता धातू कोणत्या रसायनाला प्रतिसाद देतो याचे हे ज्ञान कारागिरांनी रासायनिक सूत्रांशिवाय, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून मिळविलेले आहे. या अनुभवसिद्ध ज्ञानाला शास्त्रीय परिभाषेची जोड मिळाल्यास ते अधिक सुरक्षितपणे पुढे देता येईल.

८. कारागिराच्या आरोग्याचा प्रश्न :

रसायनशास्त्राच्या प्रत्येक अध्यापकाला किपचे उपकरण परिचित आहे. फेरस सल्फाइडवर सौम्य आम्ल सोडले की हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण होतो. अनेक महाविद्यालयांतील प्रयोगशाळांत सडक्या अंड्यांच्या वासाने अनेक पिढ्यांची ओळख याच उपकरणाने करून दिली. या प्रयोगशाळेत वावरणाऱ्यांच्या हातातील चांदीची अंगठी काळी पडते, हाही अनेकांचा अनुभव असेल.

दागिने घडविण्याच्या कार्यशाळेत नकळत याच अभिक्रियेची मांडणी झालेली असते. डाख दिल्यानंतर वस्तू स्वच्छ करण्यासाठी सौम्य गंधकाम्लाचे भांडे ठेवलेले असते. त्याच्याच शेजारी वस्तू काळी करण्यासाठी सल्फाइडचे द्रावण असते. आम्लातून काढलेली वस्तू नीट न धुता सल्फाइडमध्ये बुडविली, किंवा दोन्ही द्रावणे एकाच मोरीत ओतली, तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कारागिराला 'हे ऑक्सिडाइझचे पाणी आहे' एवढेच सांगितलेले असेल, तर या पाण्यात गंधक आहे आणि आम्लाशी त्याची गाठ पडू देता कामा नये, हे त्याला कोठून कळावे? चुकीच्या नावाची किंमत येथे प्रत्यक्ष श्वासाने मोजावी लागते.

या वायूचे दोन गुणधर्म विशेष घातक आहेत. पहिला वासासंबंधीचा. अत्यल्प प्रमाणातही हा वायू नाकाला जाणवतो. परंतु हवेतील प्रमाण दशलक्षात सुमारे १०० भागांपर्यंत पोहोचले की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येईनासा होतो. याच पातळीला अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने जीवितास तत्काळ धोका मानले आहे. म्हणजे 'वास गेला, आता हरकत नाही' असे वाटण्याचा क्षण हाच सर्वांत धोक्याचा असू शकतो. दुसरा गुणधर्म घनतेचा. हा वायू हवेपेक्षा सुमारे १.२ पट जड आहे व बंदिस्त जागेत सखल भागी साचू शकतो. आपल्याकडील अनेक कारागीर जमिनीवर बैठक मारून काम करतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

उपाय खर्चिक नाहीत. काम खिडकीजवळ किंवा उघड्यावर करणे, हवा बाहेर फेकणारा पंखा बसविणे, आम्ल व सल्फाइड यांची भांडी दूर ठेवणे, दोहोंच्या मध्ये खाण्याचा सोडा मिसळलेल्या पाण्याने वस्तू धुणे, हातमोजे व चष्मा वापरणे आणि वापरलेले द्रावण कधीही आम्लाने 'मारण्याचा' प्रयत्न न करणे एवढी पथ्ये पाळल्यास धोका पुष्कळ अंशी टळतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीसारख्या गावांत चांदीकाम घरोघरी चालते. जेथे घर आणि कार्यशाळा एकच असतात, तेथे हे नियम कारागिराइतकेच त्याच्या मुलाबाळांच्याही हिताचे आहेत.

९. स्वच्छता की हानी :

काळा थर घालविण्यात चांदीचे किती नुकसान होते, याचा अंदाज साध्या गणिताने बांधता येतो. सिल्व्हर सल्फाइडच्या वजनात सुमारे ८७ टक्के चांदी असते. या संयुगाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.२ ग्रॅम धरली, तर १०० नॅनोमीटर जाडीच्या थरात दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ६३ मायक्रोग्रॅम चांदी अडकलेली असते. ५० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाच्या पैंजणावर हे प्रमाण सुमारे ३ मिलिग्रॅम भरते. वजनाच्या दृष्टीने हे नगण्य होय.

परंतु जाडीच्या दृष्टीने पाहिल्यास चित्र बदलते. असा थर होण्यासाठी सुमारे ६० नॅनोमीटर जाडीची चांदी खर्ची पडते. चांदीचा मुलामा एक मायक्रोमीटर जाडीचा असेल, तर काळे पडणे व घासून उजळणे ही आवर्तने सोळा-सतरा वेळा झाल्यावर, घासण्यातील जादा झीज न धरताही, तो मुलामा संपुष्टात येईल. शिवाय रांगोळीसारखी दगडाची भुकटी केवळ सल्फाइडच नव्हे तर खालची चांदीही खरवडते. देवाच्या जुन्या टाकांवरील नाकडोळे पुसट झालेले दिसतात, त्यामागे भक्तांच्या स्पर्शाइतकाच या घासण्याचाही वाटा असतो.

अॅल्युमिनिअमचा पत्रा, गरम पाणी व सोडा यांची घरगुती पद्धत तुलनेने सौम्य आहे. तीत अॅल्युमिनिअम इलेक्ट्रॉन देतो, सल्फाइडमधील चांदीचे क्षपण होऊन ती धातुरूपात परत येते आणि गंधक द्रावणात जातो. तथापि या पद्धतीला हेतू कळत नाही. कपाटात चढलेला काळेपणा आणि कारागिराने नक्षीत राखलेली छटा या दोहोंना ती सारखेच धुऊन काढते. आम्लयुक्त थायोयुरियाच्या तयार द्रावणांनीही हेच घडते. अशा रीतीने 'स्वच्छ' केलेली वस्तू शुभ्र दिसते, पण तिची नक्षी आंधळी होते.

म्हणून कोणतीही जुनी वस्तू स्वच्छ करण्यापूर्वी काळेपणाची जागा पाहणे आवश्यक ठरते. काळेपणा केवळ खोलगट भागांत असून त्याच्या कडा नक्षीच्या रेषांशी जुळत असतील, तर तो बहुधा हेतुपूर्वक आणलेला असतो. तो सर्वत्र पसरलेला, कडांशी पिवळसर-जांभळट आणि ठसे उमटलेला असेल, तर बहुधा हवेतील गंधकाचा परिणाम असतो. ही निरीक्षणे अंतिम निर्णय देत नाहीत, कारण नित्य हाताळणीनेही उंच भाग आपोआप उजळतात व खोलगट भाग काळे राहतात. अशा वेळी क्ष-किरण प्रतिदीप्तीसारख्या, वस्तूला इजा न करणाऱ्या परीक्षणाने शिसे, प्लॅटिनम किंवा टेल्युरियम यांचे अस्तित्व आढळल्यास मानवी हस्तक्षेपाचा पुरावा मिळू शकतो. टेल्युरियमचा उल्लेख अशासाठी की, त्याच्या हायड्रोक्लोरिक आम्लातील द्रावणाने चांदीवर काळा थर देण्याची पद्धतही प्रचलित आहे.

काळा थर सदैव नाशाचाच असतो असेही नाही. कृष्णधवल छायाचित्रांतील चांदीचे सूक्ष्म कण सल्फाइडमध्ये रूपांतरित केले असता चित्राला तपकिरी छटा येते व ते अधिक टिकाऊ होते. जुन्या संग्रहातील सेपिया छायाचित्रांपैकी पुष्कळांचे आयुष्य याच संयुगाने वाढविलेले आहे.

१०. बाजारातील संज्ञा आणि ग्राहक :

संज्ञेच्या शैथिल्याचा आणखी एक परिणाम बाजारात दिसतो. 'ऑक्सिडाइज्ड दागिने' या नावाखाली आज विकले जाणारे अनेक अलंकार चांदीचे नसतातच. पितळ किंवा 'जर्मन सिल्व्हर' यांना काळसर छटा देऊन ते तयार केलेले असतात. जर्मन सिल्व्हर हा तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू असून त्यात चांदीचा अंशही नसतो. निकेलमुळे काहींच्या त्वचेला खाज व पुरळ येते, हे वैद्यकशास्त्राला सुपरिचित आहे. असे दागिने स्वस्त व आकर्षक असण्यात काही गैर नाही. मात्र पृष्ठभागावरील प्रक्रियेचे नाव धातूच्या नावाच्या जागी येऊन बसते, तेव्हा ग्राहकाची दिशाभूल होते. काळी छटा हा चांदीचा पुरावा नव्हे. भारतीय मानक ब्यूरोने चांदीच्या शुद्धतेसाठी मानक ठरविलेले असून ९२५ सारखा अंक व मानकचिन्ह हीच ग्राहकाची खरी खूण होय.

११. समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. चांदीवरील काळी छटा ही प्रामुख्याने गंधकाची देणगी आहे. मळ आणि अलंकरण यांतील फरक त्या संयुगात नसून ते कोठे व किती राखले गेले यात आहे. बीदरच्या कारागिराने चांदी पांढरी ठेवून भोवतालचा धातू काळा केला, तर सोनाराने चांदीच काळी करून तिचा काही भाग पुन्हा पांढरा केला. दोघांचेही कौशल्य थांबण्याची जागा ओळखण्यात आहे.

'ऑक्सिडाइज्ड' हा शब्द व्यवहारातून हद्दपार होईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. परंतु अध्यापनात, प्रशिक्षणवर्गांत आणि रसायनांच्या बाटल्यांवरील मराठी सूचनांत 'गंधकप्रक्रिया' किंवा 'सल्फाइडची छटा' असा स्पष्ट उल्लेख करणे सहज शक्य आहे. महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांनी परिसरातील चांदी कारागिरांसाठी एखादे प्रात्यक्षिक आयोजित केल्यास, किपच्या उपकरणातील पाठ वर्गाबाहेर जेथे त्याची खरी गरज आहे तेथे पोहोचेल. आणि घरातील जुना करंडा पुढच्या सणाला घासावयास घेण्यापूर्वी त्याच्या रेषांतील काळेपणा क्षणभर निरखून पाहिला, तर तो मळ आहे की कोणा अज्ञात कारागिराने मुद्दाम मागे ठेवलेली सावली आहे, याचा विचार करता येईल. सावली असेल तर ती राहू देणे, हीच त्या कारागिराच्या कामाची योग्य राखण होय.